इंटेल एएक्स२१०: लिनक्स लॅपटॉपसाठी वायफाय कार्डाचं परीक्षण

लिनक्स टाकल्यावर वायफाय दिसत नाही, ही तक्रार आली की बहुतेक जण ड्रायव्हर शोधायला लागतात. आमचा सल्ला उलटा आहे. लॅपटॉपमधलं कार्ड बदलता येत असेल तर आधी कार्ड बदला, ड्रायव्हरचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो. त्यासाठी सध्या डोळे मिटून सुचवावं असं कार्ड म्हणजे इंटेलचं एएक्स२१०. हे २०२० च्या अखेरीला बाजारात आलं. वायफाय ६ई (६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टाही वापरणारं वायफाय), दोन अँटेना, सोबत ब्लूटूथ आणि एम.२ २२३० हा छोटा आकार. त्यानंतर वायफाय ७ ची कार्डं आली, तरी लिनक्सच्या दृष्टीने या कार्डाची जागा अजून कुणी घेतलेली नाही. पण त्याला काही ठळक मर्यादा आहेत आणि एक उणीव तर काही जणांना हे कार्ड नकोच म्हणायला लावेल इतकी मोठी आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

आधी हे कार्ड चांगलं का, ते समजून घ्या. लिनक्समध्ये वायफाय चालायला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, म्हणजे कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) मॉड्यूल. दुसरं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतल्या प्रोसेसरवर चढवायची फाइल. ड्रायव्हर कर्नलसोबत येतो, फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमधून येतं. "ड्रायव्हर नाही" म्हणून ओरड होते तेव्हा ड्रायव्हर हजर असतो आणि फर्मवेअरच गायब असतं, असं वरचेवर घडतं. एएक्स२१० चा ड्रायव्हर आयडब्ल्यूएलवायफाय हा मूळ कर्नलमध्येच आहे, इंटेलचे लोक तो स्वतः सांभाळतात, आणि फर्मवेअर वितरणाच्या (उबंटू, डेबियन अशा लिनक्सच्या तयार संचाच्या) नेहमीच्या पॅकेजमध्ये मिळतं. काहीही कंपाइल करावं लागत नाही. कर्नल अपडेट झाला की वायफाय गेलं, हा प्रकार त्यामुळे टळतो. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच कार्डांसाठी लागणारा बंदिस्त डब्ल्यूएल ड्रायव्हर याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. त्याची मूळ आवृत्ती ६.३०.२२३.२७१ ही २०१५ मधली. त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या कर्नल बदलाला वितरणांनी ठिगळं लावत तो जिवंत ठेवला आहे.

कार्ड मागवण्याआधी चार गोष्टी तपासा. या न तपासता मागवलेलं कार्ड परत पाठवायची वेळ येते.

पहिली, सध्याचं कार्ड कोणतं. टर्मिनलवर "एलएसपीसीआय -एनएनके" चालवा आणि नेटवर्क कंट्रोलरची ओळ पाहा. चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते. पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक. त्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ दिसली तर ड्रायव्हर जोडला गेलेला आहे आणि बिघाड दुसरीकडे आहे. ओळच नसेल तर त्या चिपसाठी मॉड्यूल नाही किंवा ते सुरुवातीलाच अडखळलं आहे. यूएसबी डोंगल असेल तर हीच माहिती "एलएसयूएसबी" देतं.

दुसरी, कार्ड खाचेत आहे की मदरबोर्डवर सोल्डर केलेलं. पातळ लॅपटॉपमध्ये सोल्डर केलेलं असण्याची शक्यता बरीच असते. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं देखभाल पुस्तक मिळतं. त्यात वायरलेस कार्ड काढण्याचं पान असेल तर कार्ड सुटं आहे.

तिसरी, कार्डाचा नंबर नीट वाचा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र पीसीआय एक्सप्रेस कार्डं आहेत, ती एएमडीच्या लॅपटॉपमध्येही चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ मात्र इंटेलच्या सीएनव्हीआय पद्धतीची. त्यांचा अर्धा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो. एएमडी लॅपटॉपमध्ये किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये ती खाचेत बसतात, पण ओळखलीच जात नाहीत. २१० ऐवजी २११ मागवणं ही सगळ्यात जास्त होणारी गफलत. आणि लॅपटॉपमध्ये मुळातच २०१ किंवा २११ असेल तर फक्त ड्रायव्हरसाठी बदलायची गरज नाही, कारण तीही आयडब्ल्यूएलवायफायवरच चालतात. शिवाय काही इंटेल लॅपटॉपच्या खाचेत फक्त सीएनव्हीआयची जोडणी असते, तिथे एएक्स२१० चालणार नाही.

चौथी, बायोसची (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) यादी. जुन्या थिंकपॅडच्या आणि एचपीच्या काही मॉडेल्सच्या बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की लॅपटॉप सुरूच होत नाही, थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाचा संदेश येतो. इथे लिनक्सचा काही संबंध नाही आणि लिनक्समधून यावर उपायही नाही. त्या मॉडेलवर हे कार्ड कुणी चालवलेलं आहे का, ते आधी शोधा.

कार्ड हातात आल्यावरही खोक्यापेक्षा आयडीवर विश्वास ठेवा. एएक्स२१० ची जोडी ८०८६:२७२५, एएक्स२०० ची ८०८६:२७२३. नावावरून घोळ होतो, कारण जुन्या पीसीआय यादीत २७२५ समोर "एएक्स२१०/एएक्स२११/एएक्स४११" असं एकत्र नाव छापलेलं दिसतं. म्हणून कार्ड खोटं ठरत नाही. किलर एएक्स१६७५एक्स या नावाने मिळणारं कार्डही याच चिपचं आहे आणि त्याच ड्रायव्हरवर चालतं. लेबलवर "एनजीडब्ल्यू" असेल तर ते सुटं एम.२ कार्ड. "डी२डब्ल्यू" असेल तर ते सोल्डर करायचं, ते तुमच्या कामाचं नाही. व्हीप्रो (कंपन्यांसाठीची दूरस्थ देखभालीची सोय) असलेलं आणि नसलेलं, दोन्ही लिनक्सवर सारखीच चालतात, त्यामुळे व्हीप्रोसाठी जास्त पैसे मोजू नका.

बसवण्याचं काम सोपं आहे, नाजूक तेवढ्या दोन वायरी. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीचं कनेक्टर आधी सोडवा. अँटेनाच्या वायरी एमएचएफ४ या अगदी बारक्या गोल टोप्यांनी कार्डावर दाबून बसवलेल्या असतात. काढताना वायर धरून ओढायची नाही. प्लास्टिकचं पातळ पातं किंवा नख टोपीच्या खाली सरकवायचं आणि सरळ वर उचलायचं. तिरकं उचललं की कार्डावरच्या कनेक्टरची मधली सुई वाकते, आणि मग ते कार्ड त्या बाजूने कायमचं बहिरं. बसवताना टोपी बरोबर मध्यावर आली आहे याची बोटाने चाचपणी करा, मग सपाट टोकाने दाबा. "टक्" असा बारीक आवाज येतो. आवाज न येता ती सपाट झाली तर ती बसलेली नाही, चेपली गेली आहे. हे कनेक्टर पुन्हा पुन्हा काढाघाला करण्यासाठी बनवलेलेच नाहीत, म्हणून आधी कार्ड स्क्रूने पक्कं करा, वायरी सगळ्यात शेवटी लावा. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस खाचेच्या लॅपटॉपमधल्या टोप्या मोठ्या असतात, त्या इथे बसत नाहीत. तिथे अडॅप्टर आणि नव्या वायरी दोन्ही लागतील, आणि एवढा खटाटोप बहुतेकांना परवडणारा नाही.

आता सॉफ्टवेअर. किमान ५.१० कर्नल हवा, तो "यूनेम -आर" ने कळतो. डेबियन ११ मध्ये ५.१० आहे, उबंटू २२.०४ मध्ये ५.१५, दोन्ही ठीक. उबंटू २०.०४ आणि लिनक्स मिंट २० यांच्या मूळ ५.४ कर्नलवर कार्ड दिसेल, चालणार नाही. तिथे नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल टाकावा लागतो. आजच्या घडीला नवं इन्स्टॉलेशन करणाऱ्याने एवढ्या जुन्या आवृत्तीत अडकूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फर्मवेअरसाठी उबंटू-मिंटवर "लिनक्स-फर्मवेअर" हे पॅकेज, डेबियनवर "फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय". डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, अधिकृत इन्स्टॉलरमध्येच हे फर्मवेअर असतं. त्याआधीच्या आवृत्तीत सोर्सेस यादीत नॉन-फ्री विभाग जोडावा लागायचा, आणि "डेबियनवर वायफाय चालत नाही" या समजुतीचं मूळ तिथेच आहे. ही अडचण आता उरलेली नाही.

पॅकेज आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय हवं, या पेचातून सुटायला अँड्रॉइड फोन पुरतो. फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्समध्ये याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, काही सेकंदांत वायर्ड कनेक्शन दिसतं. दुसऱ्या संगणकावरून पॅकेज पेन ड्राइव्हवर आणून एकेक अवलंबित्व हाताने जुळवण्यापेक्षा हा मार्ग शंभर पटीने बरा.

फर्मवेअर चढलं का, हे "सुडो डीमेसेज" (कर्नलच्या नोंदी दाखवणारा आदेश) मध्ये आयडब्ल्यूएलवायफाय शोधून पाहायचं. इथे एक ओळ बघून लोक घाबरतात, "डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२". उणे दोन म्हणजे त्या नावाची फाइल सापडली नाही, एवढंच. ड्रायव्हर त्याला माहीत असलेल्या सगळ्यात वरच्या क्रमांकाच्या फर्मवेअरपासून सुरुवात करतो आणि सापडेपर्यंत एकेक क्रमांक खाली येतो. त्यामुळे तशा चार-पाच ओळींनंतर "लोडेड फर्मवेअर व्हर्जन" अशी ओळ आली असेल तर सगळं ठीकठाक आहे. मात्र शेवटी "नो सूटेबल फर्मवेअर फाउंड" असेल तर पॅकेज नाही किंवा कर्नलच्या मानाने जुनं आहे. फाइलचं नाव "आयडब्ल्यूएलवायफाय-टीवाय-ए०-जीएफ-ए०" असं सुरू होतं, पुढे क्रमांक आणि "यूकोड". तिच्यासोबत क्रमांक नसलेली "पीएनव्हीएम" नावाची जोडफाइल असते. ५.११ च्या आसपासच्या कर्नलवर या जोडफाइलचा मेळ न बसल्याने कार्ड सुरूच होत नसे, आणि ती फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवण्याची युक्ती तेव्हा सगळीकडे फिरत होती. आजच्या कर्नलवर ती युक्ती वापरू नका. जुने लेख वाचून आजही लोक ती फाइल हलवतात आणि नसलेली अडचण ओढवून घेतात.

फर्मवेअर चढलं तरी नेटवर्क दिसत नसेल तर "आरएफकिल लिस्ट" पाहा. सॉफ्ट ब्लॉक असेल तर "आरएफकिल अनब्लॉक वायफाय" पुरे. हार्ड ब्लॉक म्हणजे बटण, फंक्शन की किंवा बायोसमधलं सेटिंग. तो आदेशाने सुटत नाही. विंडोजही त्याच लॅपटॉपवर असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज खरं बंद न होता अर्धवट झोपतं, कार्ड त्याच अवस्थेत राहतं, आणि मग लिनक्सला त्यावर फर्मवेअर चढवता येत नाही. काल चालत होतं, आज विंडोजमध्ये जाऊन आल्यावर बंद पडलं, असं लक्षण असेल तर कारण बहुतांशी हेच.

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त तक्रार असते ती मध्येच अडखळण्याची. व्हिडिओ कॉल दोन सेकंद थिजतो, एसएसएचमध्ये (दूरच्या संगणकाच्या टर्मिनलवर) अक्षर उशिरा उमटतं. पहिला संशय पॉवर सेव्हिंगवर घ्या. तात्पुरतं तपासायला "आयडब्ल्यू डेव्ह", पुढे इंटरफेसचं नाव, "सेट पॉवर_सेव्ह ऑफ". फरक पडला तर कायमचं करायला नेटवर्क मॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमधल्या फाइलमध्ये "वायफाय.पॉवरसेव्ह" ची किंमत ३ ऐवजी २ करा. तीन म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, पण दिवसभर कॉलवर असणाऱ्याने तो सौदा करावा.

दुसरी तक्रार ब्लूटूथची. या कार्डाचं वायफाय पीसीआयवरून बोलतं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. एकाच कार्डाच्या या दोन वेगळ्या वाटा आहेत, म्हणून एक चालू आणि दुसरं बंद असं होऊ शकतं. ब्लूटूथचं फर्मवेअरही वेगळं, त्याच्या फाइलच्या नावात ००४१-००४१ हा आकडा असतो. अडॅप्टरवर बसवलेल्या कार्डाचं ब्लूटूथ दिसत नसेल तर त्या अडॅप्टरला यूएसबीची वायर जोडलेली आहे का, ते आधी पाहा.

झोपेतून उठल्यावर कार्ड गप्प राहिलं तर लॅपटॉप रीस्टार्ट करायची गरज नाही. "सुडो मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम आयडब्ल्यूएलवायफाय" आणि लगेच "सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय". डीमेसेजमध्ये "मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर" असं वारंवार दिसत असेल तर फर्मवेअर कोसळून पुन्हा उभं राहत आहे. आधी लिनक्स-फर्मवेअर अद्ययावत करा. तरीही थांबलं नाही तर मॉडप्रोब.डी मध्ये "ऑप्शन्स आयडब्ल्यूएलवायफाय डिसेबल_११एएक्स=१" ही ओळ घालून वायफाय ६ बंद करून पाहा. कार्ड वायफाय ५ वर येतं. त्याने प्रश्न मिटला तर राउटर आणि कार्ड यांचं वायफाय ६ वर जुळत नाही, हे पक्कं झालं. मग राउटरचं फर्मवेअर तपासायला घ्या.

वेगाचं काय? "आयडब्ल्यू डेव्ह … लिंक" दिलं की फ्रीक्वेन्सी, सिग्नल आणि बिटरेट दिसतो. ८० मेगाहर्ट्झवर, दोन अँटेनांसह, राउटर जवळ असताना १२०१ मेगाबिट हा जोडणीचा कमाल आकडा, १६० मेगाहर्ट्झवर २४०२. प्रत्यक्ष डाउनलोड याच्या बराच खाली राहणार, वायफायचं स्वरूपच तसं आहे. १६० चा पट्टा ५ गिगाहर्ट्झमध्ये रडारच्या वाहिन्यांना व्यापतो, त्यामुळे पुष्कळ राउटर तो आपणहून लावत नाहीत. आकडा १२०१ च्या पुढे जात नसेल तर दोष कार्डाचा नाही. आकडा ६०० च्या वर कधीच जात नसेल तर मात्र झाकण पुन्हा उघडा, दोनपैकी एक अँटेना सुटलेली असण्याचा संभव आहे. ६ गिगाहर्ट्झच्या आमिषाने भारतात हे कार्ड घेऊ नका. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा पट्टा घरातल्या वापरासाठी परवानामुक्त करण्याचा मसुदाच मुळी मे २०२५ मध्ये आला. तो पट्टा वापरायला राउटरही तसाच हवा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए३ ची हवी. इथे या कार्डाची किंमत वसूल होते ती ड्रायव्हरच्या स्थिरतेत.

आता ती मोठी उणीव. या कार्डावरून ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट काढता येत नाही, असंच धरून चाला. इंटेलची ही कार्डं देशाचे नियम स्वतः ठरवतात, आसपासच्या राउटरवरून आपण कुठे आहोत याचा अंदाज घेतात आणि तोवर ५ गिगाहर्ट्झवर आपणहून प्रक्षेपण सुरू करायला नकार देतात. "आयडब्ल्यू रेग सेट आयएन" दिलं तरी ढिम्म हलत नाहीत. "आयडब्ल्यू रेग गेट" मध्ये "सेल्फ-मॅनेज्ड" लिहिलेलं दिसतं ते यामुळेच. पूर्वी "लार_डिसेबल" हा पर्याय होता, तो ड्रायव्हरमधून काढून टाकला गेला. २.४ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट चालतो, पण लॅपटॉपला राउटर बनवायचं असेल, किंवा नेटवर्क सुरक्षेचा अभ्यास करताना पॅकेट सोडायची असतील, तर मीडियाटेकचं एमटी७९२१ किंवा एमटी७९२२ घ्या. त्यांचा एमटी७६ ड्रायव्हरही मूळ कर्नलमध्येच आहे, एमटी७९२१ साठी ५.१२ पासून. एएमडी लॅपटॉपमध्ये आरझेड६१६ नावाने येतं ते एमटी७९२२ च. अशा लॅपटॉपमध्ये ते नीट चालत असेल तर बदलू नये.

कार्ड बदलणं शक्यच नसेल तर सध्याच्या चिपवर किती मजल मारता येते, हे थोडक्यात. रिअलटेकचं आरटीएल८८२१सीई, म्हणजे १०ईसी:सी८२१, हे ५.९ कर्नलपासून आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरवर थेट चालतं. त्याआधीच्या काळातला डीकेएमएसचा (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बनवणाऱ्या सोयीचा) ड्रायव्हर टाकलेला असेल तर तो काढून टाका. दोन ड्रायव्हर एकाच कार्डासाठी भांडतात आणि कनेक्शन तुटत राहतं. तरी तुटत असेल तर "आरटीडब्ल्यू८८_पीसीआय" ला "डिसेबल_एएसपीएम=वाय" आणि "आरटीडब्ल्यू८८_कोअर" ला "डिसेबल_एलपीएस_डीप=वाय" हे पर्याय द्या. आरटीएल८८५२बीई असेल तर कर्नल ६.२ किंवा पुढचा घ्या, आरटीडब्ल्यू८९ तिथे आहे. जुन्या आरटीएल८७२३बीईला सिग्नल अगदीच कमी येत असेल तर "एएनटी_सेल=२" करून बघा. काही लॅपटॉपमध्ये एकच अँटेना असते आणि तीही ड्रायव्हर गृहीत धरतो त्याच्या दुसऱ्या टोकाला लावलेली असते.

ब्रॉडकॉममध्ये १४ई४:४३१५ असेल तर मुक्त बी४३ ड्रायव्हर आणि त्याचं फर्मवेअर उतरवणारं पॅकेज पुरेसं होतं. १४ई४:४३६५, म्हणजे बीसीएम४३१४२, याला डब्ल्यूएलशिवाय गत्यंतर नाही. डेबियनवर आधी चालू कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली), मग "ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस". उबंटूवर त्याचं नाव "बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स". नंतर बी४३, एसएसबी, बीसीएमए, बीआरसीएमएसएमएसी ही मॉड्यूल्स उतरवून "मॉडप्रोब डब्ल्यूएल". हेडर्स विसरले तर पॅकेज बसल्यासारखं दिसतं, मॉड्यूल मात्र तयार झालेलं नसतं. "डीकेएमएस स्टेटस" मध्ये ते उघड होतं. सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) चालू असेल तर तयार मॉड्यूलही "की वॉज रिजेक्टेड" म्हणून नाकारलं जातं. इन्स्टॉल करताना मागितलेला पासवर्ड लिहून ठेवा. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. चुकला तर "मोकयूटिल --इम्पोर्ट" ने तीच चावी पुन्हा नोंदवायला टाका आणि परत रीस्टार्ट करा. शिवाय मोठ्या कर्नल अपडेटनंतर जुना कर्नल लगेच पुसू नका. नव्यावर डब्ल्यूएल तयार झालं नाही तर ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या) मेनूतून जुन्यावर जाता येतं आणि वायफाय हाताशी राहतं.